आत्याच्या मिरच्यांखालची पन्नी

"काढ ते! आत्ताच्या आत्ता काढ!" आत्या बांधावरून ओरडत होती, आणि तिचा आवाज कळमेश्वरच्या तिच्या वावरातून थेट शहरात, धरमपेठेतल्या दुकानांपर्यंत पोचला असणार. "माह्या वावरात पन्नी काहून आंथरून राहिला गा?"

रागाला कारण होतं. आधी वावर कसणाऱ्याने मल्चिंगचं, म्हणजे पिकाच्या बुडाशी अंथरायचं, प्लास्टिक तसंच नांगरून टाकलं होतं. तेव्हापासून आत्या रोज त्याचे तुकडे वेचून पदरात बांधायची. माझ्या अंदाजाने एव्हाना अंबाझरी तलाव झाकेल एवढं प्लास्टिक तिने वेचलं होतं.

"हे प्लास्टिक नाही, आत्या. मक्याच्या स्टार्चची फिल्म आहे, आमच्याच कारखान्यातली. आत खत मुरवलं आहे. मातीत हळूहळू गळते, विरून जाते, झाडाले थोडं थोडं खाऊ घालते. तीन महिन्यांत गायब."

"नाही झाली तं?"

"तं मी वेचतो. दातांनी."

मिरचीच्या तीन ओळींना दोन्ही बाजूंनी पट्ट्या टाकल्या. तीन महिन्यांनी जाऊन पाहतो, तर घराजवळच्या दोन ओळींत फिल्म जशीच्या तशी, कोरडी, चकचकीत. रोपं पिवळी. मी आत्याकडे वळलो.

"तू काही केलं का?"

"मी काय करणार? रोज सकाळी उचलून पाहत होती, गळली का म्हणून. माती झटकायची, उन्हात वाळवायची, परत ठेवायची."

ओल्या मातीला चिकटून राहिली तरच ती फिल्म गळते. मातीतले जीवजंतू तिला खातात. आत्याने रोज त्यांच्यापुढचं ताट उचललं होतं.

"अन् तिसरी ओळ?"

"तिथवर माहे गुडघे नाही जात."

मी तिचा हात धरून तिला तिथवर नेलं. तिथल्या मिरच्या, खोटं कशाला बोलू, माझ्या खांद्याला लागत होत्या. बरं, कमरेला. आत्या बसली. सवयीने पदर पुढे घेऊन बोटांनी माती चाळत ओळीच्या टोकापर्यंत सरकत गेली. एक गांडूळ सापडलं. दोन पापुद्रे सापडले, ते चिमटीत धरताच भुगा झाले. पदर रिकामाच राहिला. मग लेकरावर पांघरूण घालावं तशी तिने माती पुन्हा मुळांशी सारली, आणि बराच वेळ हात तिथेच ठेवला.

"आता पटलं ना?" मी म्हणालो. "त्या दोन ओळींतली मातीत दाबून देऊ. तीही गळते."

"तू दातांनी म्हणाला होता," आत्या म्हणाली.