मासा, चिंबोरी आनि डिझेलची काठी

दिवाळे गावात येऊन कोनालाही विचारा, धर्मराजचा बंगला कुठं हाय. तो घराकडं हात करनार नाय, खाडीकडं करनार. कारन बंगला म्हंजे आमच्या दादाची बोट. पांढरी, फायबरची, वर केबिन, केबिनला काचा, काचांना पडदे. आत दोन मानसं झोपतील येवढी गादी नि चा करायला शेगडी. आजूबाजूला सगळ्या मासेमारीच्या होड्या आनि मधे ही, हळदीला सूट घालून आलेल्या मानसासारखी.

एका सेठची होती ती. सेठ जवान होता तवा मित्र घेऊन यायचा आनि दादा बोट चालवायचा. मग सेठचे गुडघे गेले, हौस गेली, बोट तिवरांच्या कडेला पडून राह्यली. ती दादानं घेतली तवा सगळं गाव हसलं. "आरं धर्मा, रूम भाड्यानं देनार काय? पानी चोवीस तास हाय!" दादा पन हसला. त्याला राग यायचाच नाय. त्याला फक्त एक खोड, कुठली पन वस्तू खोलून आत काय हाय ते बघायची. मिक्सर खोलला, पंखा खोलला. एकदा पुतळावयनीचा वजनकाटा खोलला, आनि ती म्हावरा विकायला निघाली तवा घरात नुसते स्क्रू.

बोट तर त्यानं सगळीच खोलली. पेट्रोलचं जुनं इंजिन काढलं, ते येवढं प्यायचं की सेठ पन घाबरायचा. डिझेलचं बसवलं. खालच्या फळ्या कुजलेल्या, त्या बदलल्या. एक गोष्ट काय सुधारली नाय, डिझेलचा काटा. तो कायम फुल दाखवायचा. दादा म्हनायचा, "हा बिल्डरचा मानूस हाय. कवा पन विचारा, सगळं रेडी." मग त्यानं बांबूची एक काठी केली. टाकीच्या भोकातनं खाली सोडायची, वर काढायची, कुठपर्यंत ओली झाली ते बघायचं. काठीवर सुरीनं काप दिलेले. ती काठी तो कोनाला हात लावू द्यायचा नाय, केबिनच्या छताला अडकवून ठेवायचा.

पुतळावयनी म्हंजे दादाची बायको. तिचं माहेर मोरा, उरनचं बंदर. लग्नात ती मोऱ्यावरनं दिवाळ्याला होडीतनंच आली, बेंजो वाजवत. त्याच्यानंतर माहेरी जायाचं म्हंजे रस्त्यानं, कंटेनरच्या मागं धूळ खात. दादाचं कायम एकच, "तुला बोटीनं माहेरी नेतो." आनि तिचं पन एकच, "तुमच्या बोटीत संडास कुठं हाय? तुमा बाप्यांचं बरं असतं." 

 एक दिवस दादा मुंबईला दारूखान्यात गेला, जुन्या जहाजांचा माल मिळतो तिथं, आनि खांद्यावर संडासाचं भांडं घेऊन आला. गाव परत हसलं. केबिनच्या कोपऱ्यात त्यानं ते बसवलं, दार लावलं, दाराला आतून कडी. वयनीला नेऊन दाखवलं. तिनं आत जाऊन कडी लावून बघितली, काढून बघितली. "बरं हाय," म्हनाली. "आता दिवाळी झाली की जाऊ."

दिवाळीच्या आधीच दादा गेला. सकाळी चा प्यायला, कप खाली ठेवला, भिंतीला टेकला तो टेकलाच.

महिनाभर बोटीकडं कोनी बघितलं नाय. मग पोरगी मनस्वी, ती सीवूड्सला मॉलमधे कामाला, ती म्हनाली, "आये, बोट सडत चाललीय. माझ्या ओळखीत एक जन घ्यायला तयार हाय." तो अश्विन. चांगला पोरगा, आल्या आल्या दादाच्या फोटोच्या पाया पडला. कर्जतला त्याची जागा, तिथं गवतात त्याला बोट ठेवायची होती, पोरांना खेळायला. "इंजिन नको मला, काढून तुम्हीच ठेवा," म्हनाला. वयनी हो बोलली. आपल्याला त्या बोटीतलं काय कळतं? रविवारी ट्रेलर येनार ठरलं.

रात्री तिनं जेवन वाढता वाढता धाकट्या दिराला, अंकुशला सांगितलं. "रविवारच्या आदी मला मोऱ्याला ने. त्याच बोटीनं. एकदाच."

अंकुश तुर्भ्याला गोदामात कामाला. दादाबरोबर बोटीवर दोन-चार वेळा गेलेला, म्हनून त्याला चालवता यायची. "वयनी, तुला बोट लागते," तो म्हनाला. "लग्नात पन तू दादाच्या फेट्यावर..."

"लागू दे. कडीवाला संडास हाय ना."

शुक्रवारी सकाळी दोघं बोटीवर गेली. सुकती होती, खाडीतलं पानी पार मधे गेलेलं, नि बोट चिखलात एका कुशीवर पडलेली. कायम त्याच कुशीवर पडायची. म्हशीनं बसून बसून खड्डा करावा तशी तिनं चिखलात आपली जागा केलेली. अंकुशनं छताची काठी काढली, टाकीत सोडली, वर ओढली.

"अरे वा! दादानं टाकी भरून ठेवलीय. हा बघ पहिला काप, हा घारापुरीला जाऊन यायचा. दुसरा काप मोऱ्याला जाऊन यायचा. डिझेल दुसऱ्याच्या पन वर हाय. काय भरायला नको. उद्या निघू."

वयनीनं काठी हातात घेतली. आयुष्यात पहिल्यांदा. इकडून बघितली, फिरवून तिकडून बघितली. "आनि ह्या बाजूला काय?"

"कुठं?"

खरंच, काठीच्या पाठीला पन काप होते. पन ते सगळे वरच्या अंगाला सरकलेले. आनि दोन्ही बाजूंना टोकाशी काय तरी कोरलेलं. अंकुश वाचत होता त्या बाजूला मासा. पाठीमागं काय तरी गोल, त्याला पाय.

"कोळी वाटतो," अंकुश म्हनाला. "जाळ्यातला."

"तुझं डोकं. नांग्या दिसत नाय? चिंबोरी हाय ती." चिंबोऱ्या विकून तिचं आयुष्य गेलेलं, तिला कोन शिकवनार. "मासा नि चिंबोरी. कशाला कोरली असंल?"

"दादाला टाइमपास. चल, ऊन होतंय."

"थांब रे. त्यांनी उगाच कोरली नसंल. ज्या मानसानं माझा काटा खोलला तो नुसती चिंबोरी काढत बसंल?" तिनं ओल्या रेघेवर बोट ठेवलं. माशाच्या बाजूनं ओल दुसऱ्या कापाच्या वर. काठी फिरवली. चिंबोरीच्या बाजूनं तीच ओल पहिल्या कापाला कशीबशी टेकलेली. "आता कुठली खरी?"

अंकुशनं डोकं खाजवलं. वयनी खाली चिखलाकडं बघत बसली. तिथं चिंबोरीची बिळं, आनि बिळाच्या तोंडाशी एक बारकी चिंबोरी, तिरकी तिरकी चाललेली. वयनी तिच्याकडं बघते, बोटीच्या कललेल्या फळीकडं बघते, परत चिंबोरीकडं.

"अंकुश, मासा कुठं असतो?"

"मार्केटात."

"मेल्या, पान्यात. आनि चिंबोरी चिखलात. आता बोट कुठं हाय?"

अंकुशनं टाकीकडं बघितलं. टाकी रुंद, भोक तिच्या एका कडेला. बोट त्याच कडेवर कललेली, म्हंजे सगळं डिझेल तिकडंच गोळा झालेलं. ताट वाकडं केलं की आमटी एका बाजूला येते तसं. 

"खरं की खोटं, पानी आलं की कळंल," वयनी म्हनाली, आनि तिथंच बसली. अंकुश म्हनाला घरी जाऊ, परत येऊ. ती नाय उठली. तिला बघायचंच होतं. दुपारी भरती आली, चिखल बुडाला, बोट हळूच हलली, सरळ झाली, तरंगायला लागली. अंकुशनं काठी टाकली. माशाच्या बाजूनं डिझेल आता पहिल्या कापावर. बरोब्बर चिंबोरीनं सांगितलं होतं तेवढंच.

"घारापुरीपुरतंच हाय," अंकुश हळू आवाजात बोलला. "मी तुला मोऱ्याला न्यायला निघालेलो."

"आनि येताना पोहायला लावनार होतास."

संध्याकाळी पंपावरनं कॅन भरून आनले. नरसाळ्यात दादाचं जुनं धोतर धरून डिझेल गाळलं, दादा गाळायचा तसंच. बोट अजून तरंगत होती, माशाच्या दुसऱ्या कापापर्यंत भरल्यावर अंकुश थांबला. पन त्याच्या वर काठीला निळा नायलॉनचा दोरा बांधलेला होता, घट्ट. वयनीनं तो ओळखला. तिच्याच जाळं शिवायच्या रिळाचा.

"हा कशाचा?"

"म्हायत नाय. मी होतो तवा नव्हता. नंतर बांधलाय."

"दोऱ्यापर्यंत भर."

"कशाला वयनी? मोऱ्याला इतकं लागत नाय. जाताना सुकतीचं पानी नेतं, येताना भरतीचं पानी आनतं. दादाचा हिशोबच तो, आपन फक्त सुकान धरायचं."

"बांधलाय ना त्यांनी? मग भर."

शनिवारी सकाळी निघाले. सुकतीचं पानी बोटीखालनं जायच्या आदी सुटले, आनि खरंच, पानीच ओढून नेत होतं. वयनी केबिनच्या दारात बसली. तिला वाटलेलं आता लागंल, मग लागंल. लागलीच नाय. ती बघत होती. बेलापूरचे टॉवर मागं गेले, पूल गेला, बंदरातली मोठी जहाजं आली, घारापुरीचा डोंगर आला. "आपन नेहमी ह्याच्या पाठीमागनं जातो होय?" असं दहा वेळा तरी म्हनाली. एकदा आत जाऊन कडी लावून आली. बाहेर आली तवा तोंडावर हसू होतं.

मोऱ्याला तिचा भाऊ प्रीतम धक्क्यावर उभा. रडारड झाली. मग कोलंबीचं कालवन, तांदळाच्या भाकऱ्या. मग शेजारची आली, मग चुलती, मग ती चुलती ज्या चुलतीशी बोलत नाय ती पन आली. दादा कसा गेला ते प्रत्येकीला पहिल्यापासनं सांगायचं. अंकुश दारातनं डोकावत होता. "वयनी, भरती चाललीय. आता निघालो तर पानी आपल्याला घरी सोडंल."

"आलेच रे, चा तर होऊ दे."

चा झाला. दुसऱ्या घरी चा झाला. कोना तरी मावशीची दुखरी कंबर बघायची राह्यली. शेवटी वयनी धक्क्यावर आली तवा भरती संपून पानी उलटं फिरलेलं. अंकुशनं इंजिन सुरू केलं ते रागातच.

येताना बोट रडत आली. समोरनं सुकतीचं पानी, वर वारा पन तोंडावर. एकच जहाज किती वेळ बाजूला, मागं जायलाच तयार नाय. इंजिन सकाळी गुनगुनत होतं, आता बोंबलत होतं. वयनीला कळलं, ही आपल्या चाची करनी. ती पान्याकडं बघत राह्यली, सकाळी हेच पानी कसं मऊ होतं. अंकुशनं काट्याकडं बघितलं. काटा म्हनाला फुल.

दिवे लागायला आले तवा दिवाळ्याला पोचले. अजून बोटीखाली पानी होतं, ती सरळ तरंगत होती. दोरी बांधायच्या आदी अंकुशनं काठी टाकली, माशाच्या बाजूनं बघितली आनि पुसून परत टाकली.

"काय झालं?"

"पहिल्या कापाच्या पन खाली, बुडाशी आलंय. वयनी, मी म्हनालो तसं दुसऱ्याच कापापर्यंत भरलं असतं ना, तर आपन आता जहाजांच्या मधे बंद पडलो असतो." त्यानं निळ्या दोऱ्यावर अंगठा फिरवला. आनि एकदम हसायला लागला, डोळ्यांत पानी येईपर्यंत. "कळलं मला हा कशाचा दोरा. संडास बसवल्यावर बांधलाय दादानं. मोऱ्याला एकटं जायाचं तर दुसरा काप. तुला घेऊन जायाचं तर दोरा. तू चा पीत बसनार, भरती जानार, सुकतीत यायला लागनार, हे सगळं त्यानं भरून ठेवलेलं."

वयनी काठीकडं बघत राह्यली. "म्हंजे माझ्या बोलन्याचं डिझेल?"

"हा."

"बघा, कसा मानूस. तोंडावर कधी बोलला नाय." पदर तोंडाला लावला तिनं. हसत होती का रडत होती ते अंकुशला पन कळलं नाय. मग पदर बाजूला झाला, नि तिनं काठी त्याच्या हातातनं काढून घेतली. वर धरली, उजेडाकडं. दोऱ्याच्या पन वर, अगदी टोकाजवळ, अजून एक काप होता. माशाच्या बाजूला. नवा, बांबू अजून पांढरा दिसत होता.

"आनि हा रे?"

"हा नव्हता बघितला. टाकी पार गळ्यापर्यंत भरायची म्हंजे लांबचं कुठलं तरी. रेवस? मुरूड? मला काय म्हायत."

"तुला बोलला नाय?"

"नाय बोलला."

वयनीनं त्या कापावर नखानं घासून बघितलं, खोल किती हाय ते. जेट्टीवरनं कोनीतरी ओरडलं, "काय पुतळाबाय, बंगला विकला ना?"  तिनं काठी पुसली, छताला होती तशी अडकवली, आनि अंकुशला म्हनाली, "मनस्वीला फोन लाव. अश्विनला सांग म्हनावं, ट्रेलर नको आनू. हा वरचा काप कुठचा हाय ते कळत नाय तवर बोट हलनार नाय."

"आनि कळलं की?"

"कळलं की जाऊन येऊ. आता दोरी बांध, पानी चाललंय."