आईचे टॉग्ज

त्या एक्सेल शीटला मी 'निळं पाणी' असं नाव दिलं होतं. दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांची प्रोजेक्टं मार्गी लावायची, मोटरवेवर तास-तासभर पुढच्या गाडीचे लाल दिवे बघत ऑकलंडच्या कडेला फ्लॅट बुशला घरी यायचं, कुकर लावायचा, आणि शिट्ट्या होईपर्यंत ओट्यावरच लॅपटॉप उघडून ही शीट भरत बसायचं. भूमध्य समुद्राचे सतरा किनारे होते त्यात. पाणी किती स्वच्छ, किती कोमट, लाटा किती, वाळू की गोटे, किनाऱ्यापर्यंत पायऱ्या किती, जवळपास वरणभाताच्या जवळ जाणारं काही मिळतं का, असे एकवीस कॉलम. शेवटचा कॉलम व्हिसाचा. त्यात मी नवे पासपोर्ट आले त्याच दिवशी 'लागत नाही' असं लिहिलं आणि खालपर्यंत ओढून टाकलं.

हे सगळं आईसाठी चाललं होतं. तिला एकदा समुद्रात पोहायचं होतं.

आई साताऱ्याकडची. शेतात विहीर होती आणि तिच्या वडिलांनी सातव्या वर्षी पाठीला सुका भोपळा बांधून तिला आत ढकलून दिलं होतं. बाराव्या वर्षी ती विहिरीच्या कठड्यावरून असा मुटका मारायची की पाणी बघणाऱ्यांच्या अंगावर यायचं. मग विसाव्या वर्षी लग्न होऊन पुण्यात आली. तिथे पाणी म्हणजे नळाची वेळ. पंचेचाळीस वर्षं ती पाण्यात उतरली नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हा कोणाला ते कधी सुचलंही नाही.

ती पहिल्यांदा आमच्याकडे आली तेव्हा डिसेंबर होता, म्हणजे इथला उन्हाळा. ऑकलंडमध्ये कुठूनही कुठेही जा, वळणावर समुद्र दिसतोच. दोन-तीन रविवार ती गाडीच्या काचेतून नुसती बघत राहिली. चौथ्या रविवारी म्हणाली, "मला एकदा उतरव ग पाण्यात. एकदाच. मग नाही काही मागणार."

"इथे?" मी म्हटलं. "काहीतरीच काय! पाणी केवढं गार असतं. आमच्या बाजूला भरती गेली की नुसता चिखल, आणि पलीकडच्या बाजूला लाटा माणसाला ओढून नेतात. तुला मी नीट ठिकाणी नेईन. निळंशार, उबदार, लाट म्हणून नाही. थांब तू."

नवरा गाडी चालवत होता. तो म्हणाला, "अगं, ने की इथेच. भरतीची वेळ बघायची आणि जायचं. हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला?"

"तुला काय जातंय बोलायला? न्युमोनिया झाला तर रजा मला काढावी लागेल," असं मी त्याच्यावर खेकसले. पण आमची सहा वर्षांची लेक, जिला मराठी सगळं कळतं आणि बोलायचं मात्र इंग्रजीत असतं, ती मागून ओरडली, "आजी, यू नीड टॉग्ज!"

टॉग्ज म्हणजे पोहण्याचे कपडे. इथे सगळे तसंच म्हणतात. त्या दोघींनी त्याच आठवड्यात सेलमधून ते आणले. गडद निळे, लांब बाह्यांचे, गुडघ्याच्या खाली येणारे. आई ते घालून, वर टॉवेल गुंडाळून बाथरूमच्या दारात आली आणि स्वतःलाच इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. "अगं बाई, पुण्यात कोणी बघितलं तर?" म्हणाली. मग तिने ते घडी घालून, लेबलासकट, बॅगेत तळाला ठेवले. मे महिन्यात ती परत गेली, टॉग्जही गेले.

मधल्या सव्वा वर्षात आम्ही तिघं नागरिक झालो. कौन्सिलच्या हॉलमध्ये शपथ घेतली, 'किया ओरा' असा माओरी नमस्कार करत सगळ्यांशी हस्तांदोलन केलं, भेट मिळालेलं रोपटं घेऊन घरी आलो. न्यूझीलंडचे काळे पासपोर्ट आले. दर रविवारी आईचा फोन यायचा, आणि ती सरळ विचारायची नाही. "काय म्हणतोय तुझा समुद्र?" एवढंच. मी म्हणायचे, "चाललंय, शोधतेय." खरंच शोधत होते. एक किनारा बसला की त्याच्याहून बरा दुसरा सापडायचा. एकीकडे पाणी आरशासारखं, तर पायऱ्या ऐंशी. दुसरीकडे पायऱ्या नाहीत, तर गोटे. मी आईच्या गुडघ्यांचा विचार करायचे. खांद्यांचा विचार माझ्या डोक्यात कधी आलाच नाही.

ती पुन्हा आली ती जुलैत, इथल्या ऐन थंडीत. सप्टेंबरच्या शेवटी लेकीला शाळेची सुट्टी, तेव्हा तिकडचं पाणी अजून उबदार असतं, असा माझा हिशोब. ग्रीसमधलं एक छोटं बेट पक्कं केलं होतं. आईने आल्या-आल्या बॅग उघडून लोणचं, भाजणी आणि तळातले टॉग्ज काढून दाखवले. लेबल तसंच होतं.

त्या वेळी ती सारखी म्हणायची, "तेवढा वरचा डबा काढून दे ग." कधी मला, कधी नवऱ्याला, कधी नातीला खुर्चीवर चढवून. मला वाटलं, इथली कपाटं उंच, आणि वय झालं की माणूस थोडं लाडावतं. डबा काढून द्यायचे आणि कामाला लागायचे.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी दुपारी मी तिकिटं काढायला बसले. चौघांची नावं, जन्मतारखा, नागरिकत्व. न्यूझीलंड, न्यूझीलंड, न्यूझीलंड, आणि चौथ्या वेळीही माझ्या हाताने न्यूझीलंडच निवडलं. मग पासपोर्टचा नंबर टाकायला खणातून चौघांचे पासपोर्ट काढून टेबलावर ठेवले. तीन काळे आणि एक निळा, आईचा, भारताचा.

मी त्या निळ्याकडे बघत बसले. दोन वर्षं, एकवीस कॉलम, आणि शेवटच्या कॉलमात माझ्या आईला मी तिच्या देशातूनच काढून टाकलं होतं. बारा वर्षं मी स्वतः तोच निळा पासपोर्ट घेऊन रांगांत उभी राहिले होते, बँकेची स्टेटमेंटं आणि पत्रं आणि फोटो जोडले होते. शपथ घेऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं आणि मी विसरले. इतकी लाज मला आयुष्यात क्वचित वाटली असेल.

सोमवारी ग्रीसच्या व्हिसा ऑफिसला फोन लावला. पलीकडच्या बाई फार गोड होत्या. त्यांनी समजावून सांगितलं की तुमच्या आई इथे पाहुण्या आहेत, इथून त्यांना युरोपचा अर्ज करता येणार नाही, त्यांनी आपल्या देशात जाऊन करावा. मी थँक यू म्हटलं. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय!

आई स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. मी सगळं सांगितलं. चूक माझी आहे हेही सांगितलं.

"म्हणजे नाही ना जायचं?"

"पुढच्या वर्षी, आई. तू पुण्यातून अर्ज कर, मी कागद पाठवते, आपण तिकडेच भेटू."

"बरं," म्हणाली, आणि पुढची जुडी सोडली.

नोव्हेंबरात, तिच्या जाण्याला सहा आठवडे राहिले असताना, तीच म्हणाली, "ते तुझं निळं पाणी राहू दे. तुझी ती हिल्सबरोची मैत्रीण आहे ना, तिच्या घराखाली दिसतं ते चालेल मला." नाही म्हणायलाही अंगात ताकद लागते, ती माझ्यात उरली नव्हती. मी भरतीची वेळ बघितली. दोन मिनिटं लागली त्याला.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, सकाळी अकराच्या भरतीला आम्ही गेलो. पंचवीस-तीस पावलांचा किनारा, शिंपल्यांची वाळू, पाणी हिरवट-करडं. एक म्हातारे गृहस्थ कुत्र्याला फिरवत होते, बाकी कोणी नाही. आईने टॉग्जचं लेबल दाताने तोडलं. पाय पाण्यात घातल्याबरोबर "आई ग्गं!" म्हणून ओरडली, पण थांबली नाही. गुडघे, कंबर, छाती. मी मागोमाग कमरेएवढ्या पाण्यात जाऊन उभी राहिले. मला पोहता येत नाही. मला त्याची इतकी सवय झाली होती की ते शीटमध्ये कुठे नव्हतं.

तिने पाय उचलले आणि उजवा हात पुढे टाकला. हात खांद्यापर्यंत आला आणि तिथेच अडकला. ती हसली. पुन्हा टाकला. पुन्हा तिथेच. डाव्या हाताने रेटून पाहिलं तर ती जागच्या जागी वळली आणि नाकातोंडात पाणी गेलं. मी तिला धरलं. चौथ्यांदा तिने प्रयत्न केला नाही.

"हात वर येत नाहीये ग," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"झालं की वर्ष-दीड वर्ष."

"आणि बोलली का नाहीस?" माझा आवाज चढला होता.

"बोलले असते तर तू म्हणाली असतीस, आधी हात बरा करू, मग जाऊ."

मी अगदी हेच म्हणाले असते. डॉक्टरांचा एक कॉलम वाढवला असता. मागच्या खेपेला, नवरा म्हणाला त्या रविवारी गाडी वळवली असती तर? तेव्हा तो हात वर जात होता.

किनाऱ्यावरून लेक ओरडत होती, "गो आजी, गो!" आईने तिला डावा हात हलवून दाखवला. मग माझ्या हातांवर पाठ टेकून ती उताणी झाली. कान पाण्यात, डोळे मिटलेले. मला वाटतं पाचेक मिनिटं. मी थंडीने कुडकुडत होते आणि रडत होते, आणि तिला ऐकू येत नव्हतं हे बरं होतं.

जानेवारीत ती गेली. बॅग भरताना टॉग्ज तिने माझ्या पलंगावर ठेवले, धुऊन, घडी घालून.

"हे कशाला?" मी म्हटलं.

"तुला होतील. तुझे हात अजून वर जातात."

ते माझ्या खणात आहेत. दर रविवारी आई फोनवर विचारते, "गेलीस का ग पाण्यात?" आणि मी म्हणते, "जाईन ग. जरा पाणी कोमट होऊ दे."