साहेबांच्या खुर्चीवर

“तुम इधर नहीं बैठेगा. पीछे जाओ, नीचे.”

गोऱ्या अकाउंटंट साहेबाने माझ्या खांद्याला बोटाची टोकं लावली. फक्त टोकं. पंजा लावला असता तर बाटला असता.

साठ सालानंतरची गोष्ट. दुबईत खाडीच्या दोन्ही काठांना तेव्हा जेमतेम वस्ती. मी रत्नागिरीकडचा, मॅट्रिक पास, एका इंग्रज कंपनीत टायपिस्ट. नोकरी मामूने लावलेली. मामू त्याच कंपनीच्या मेसमध्ये खानसामा.

त्या संध्याकाळी कंपनीच्या क्लबात डॉक्युमेंटरी होती. अमेरिकेतल्या एका काळ्या पुढाऱ्याची. मॅनेजर साहेब ऑफिसात म्हणाले होते, सगळ्या स्टाफने यायचं. म्हणून मी गेलो. शर्टाला इस्त्री करून. शेवटच्या ओळीतल्या रिकाम्या खुर्चीवर बसलो.

पडद्यावर तो माणूस निवडून आलेला, आणि सभागृहाच्या दारात गोरे आडवे उभे. शिव्या देत होते. एक जण थुंकला. पुढाऱ्याने रुमालाने कोट पुसला, आत गेला, आपल्या जागेवर बसला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. एका मडमेने डोळे पुसले.

मग रीळ बदलायला दिवे लावले. आणि मी दिसलो.

मॅनेजर साहेबांनीच बोलावलंय, असं मी अकाउंटंटला सांगितलं. त्याने मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजर ग्लासातला बर्फ हलवत बसला. आत्ता टाळ्या वाजवलेला तोच माणूस. मग अकाउंटंटने मामूला हाक मारली.

मामू सँडविचचा ट्रे घेऊन आला. पिकलेले केस, गळ्यापर्यंत लावलेली बटणं. माझ्या कानाशी वाकला.

“ऊठ रे बाबा. माझ्यासाठी ऊठ.”

 माझ्या अंगाची आग झाली. मला हाकलायचं कामही यांना स्वतः करायचं नव्हतं. तेही आमच्याच माणसाकडून करवून घ्यायचं.

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “आय ॲम वॉचिंग द फिल्म, सर.” आणि बसून राहिलो.

मॅनेजरने फिल्मच बंद करायला लावली. खलास. त्या काळ्या माणसाचं पुढे काय झालं, हे माझ्यासोबत बसून बघण्यापेक्षा त्यांना न बघणं चाललं.

सकाळी मला काढून टाकलं. मामू म्हणाला, साहेबाची माफी माग, ठेवून घेतील, इन्शाल्ला. मी नाही म्हणालो. त्याने माझी पेटी खोलीबाहेर ठेवली आणि बोलणं टाकलं. मी खाडीच्या धक्क्यावर गोणी वाहिल्या. खांदे सोलून निघाले. तो त्याच साहेबांना जेवण वाढत राहिला.

मामू गेला तेव्हा मय्यतीला आलेला एक नातेवाईक म्हणाला, तू साहेबाची माफी मागितली असतीस तर तो सुखाने गेला असता.

मी कबरीवर माती टाकली. माफी तिथेही मागितली नाही. माफी त्या साहेबांनी मागायची आहे. माझी. आणि म्हाताऱ्या माणसाला ट्रे घेऊन माझ्या अंगावर सोडलं, म्हणून मामूची. त्यांनी ती मागावी, हे मी मरेपर्यंत सांगत राहीन. बसून.