आम्ही वेचलेली धसकटं

आमचं वावर गावात सगळ्यांत गबाळं होतं आणि त्याची मला भारी लाज वाटायची. आमच्याकडे उन्हाळ्यात कापणीनंतर उरलेली ज्वारीची धसकटं उपटून, जाळून वावर अंगणासारखं लख्ख करतात. त्यावरून घरच्या बायांची पारख होते. सासरे मात्र धसकटाला हात लावू देत नसत. नांगरही नाही. पेरणीआधी वखराची एक उथळ पाळी, संपलं. वावर उताराचं, वर वीतभर काळी माती आणि खाली मुरूम. "धसकट हाय म्हून माती हाय," एवढंच ते म्हणत. पीक चांगलं यायचं, पण ते कोण बघतं? विहिरीवर बाया विचारायच्या, "काऊन वं, हात मोडले का तुमच्या घरी सगळ्याईचे?"

महाराष्ट्र होऊन दोनेक वर्षं झाली असतील. नणंदेला पाहायला जानेफळचे पाहुणे यायचे होते. पाहुणे आले की आधी वावर बघतात. नेमके तेव्हाच सासरे आजारी बहिणीला भेटायला आठ दिवस साखरखेर्ड्याला गेले. मी नवऱ्याच्या मागे भुणभुण लावली. तो बिचारा भोळा. लोखंडी नांगर आणि तीन बैलजोड्या घेऊन आला. त्याआधी मी चार बाया लावून सगळी धसकटं वेचली आणि बांधावर पेटवली. पाहुणे खूश झाले, सोयरीक जमली. खोटं कशाला सांगू, मी फुगले होते.

सासरे परत आले ते थेट वावरात गेले. घरी आले तेव्हा हातात मुरमाचं ढेकूळ होतं.

"सुनबाई, खालचं वर आणलं न तुम्ही."

ओरडले असते तर बरं झालं असतं.

आषाढात एका दुपारी धो धो पाऊस झाला आणि आमची काळी नाल्याला लागली. पाणी ओसरल्यावर सासरे घमेलं घेऊन नाल्यात उतरले. गाळ भरायचा, डोक्यावर घ्यायचा, चढ चढायचा. मी मदतीला गेले तर म्हणाले, "तू नोको. घर पाह्य." दर उन्हाळ्यात त्यांचं हेच चालायचं. दर पावसाळ्यात ती माती परत खाली जायची. ज्वारी आधी कमरेएवढी, मग गुडघ्याएवढी. आम्ही नांगर कायमचा सोडला, धसकटं राखायचं ठरवलं. पण राखायला आधी ज्वारी यावी लागते. माझा मलाच संताप येतो, अजूनही.

शेवटच्या वर्षी त्यांना दिसेनासं झालं होतं. एक दिवस स्वतःहून म्हणाले, वावरात ने. मी हात धरून नेलं आणि म्हणाले, "मामंजी, माती बरीच आली हो आता."

त्यांनी वाकून बोट रोवलं. पहिल्या पेरालाच मुरूम लागला.

"हाव, आली," ते म्हणाले, आणि बोट धोतराला पुसलं.