हात लावू नये

मला राग पटकन येतो. माहेरी म्हणायचे, हिच्या नाकाच्या शेंड्यावरच बसलेला असतो. ते ऐकून मला लाजबिज काही वाटायची नाही, उलट मी ते कौतुकासारखं मिरवायचे. गेल्या उन्हाळ्यापासून मिरवत नाही.

मुलुंडला तळमजल्यावर आमचं घर. मी, माझे सासरे, आणि शनिवार-रविवारी पुण्याहून येणारा नवरा. मी फिजिओथेरपिस्ट आहे, घरोघरी जाऊन पेशंटचे व्यायाम करून घेते. सकाळी घाटकोपर, संध्याकाळी भांडुप. या धावपळीसाठी इलेक्ट्रिक गाडी घेतली आणि तिचे गुण सांगून सांगून सगळ्यांना वात आणला. फक्त चार्जिंगपाशी घोडं पेंड खात होतं. पार्किंगपर्यंत वेगळी लाइन टाकायची तर सोसायटीला अर्ज द्यायला हवा होता. एका पानाचा अर्ज. वेळच मिळत नाही यार, असं मी नवऱ्याला सांगायचे. खोटं होतं ते, मला कंटाळा होता.

शोरूममध्ये बजावलं होतं की चार्जर थेट भिंतीतल्या पंधरा अ‍ॅम्पिअरच्या सॉकेटला लावा, मध्ये एक्स्टेन्शन नको. मी हो हो म्हटलं. घरी आल्यावर लक्षात आलं की बेडरूममधलं एसीचं सॉकेट एका टोकाला आणि पार्किंगकडची खिडकी दुसऱ्या टोकाला. मग माळ्यावरचं एक्स्टेन्शनचं रीळ काढलं, गणपतीत दिव्यांच्या माळांना लावतो ते. त्यात चार्जरचा जाड प्लग बसेना, म्हणून मध्ये एक कन्व्हर्टर खुपसला. लागली तेवढी वायर सोडली, बाकीची रिळावर गुंडाळलेलीच ठेवली आणि रीळ पलंगाखाली सरकवलं. पायात येऊ नये म्हणून वर पायपुसणं टाकलं. खोली कशी नीटनेटकी दिसत होती! मी स्वतःवरच खूश.

सासरे गिरणीत वायरमन होते. गिरणी बंद पडल्यावर चाळीचाळीतून वायरिंगची कामं करायचे. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, गुडघे दुखतात, फारसे बाहेर पडत नाहीत. त्यांचं घरात मागणं काही नसायचं. विजेचं काही असलं तर आपल्याला एक शब्द विचारावा, एवढंच त्यांना वाटायचं. मी विचारलं नाही. तरी त्यांनी आपण होऊन वाकून पायपुसणं बाजूला केलं, वायरीला पालथा हात लावला आणि म्हणाले, "गो बाय, ही वायर बारीक आसा. इतको लोड तिका झेपाचो नाय. आणि गुंडाळलेली ठेवू नको, तापता."

"बघते बाबा," मी म्हटलं. बघितलं काही नाही.

चार दिवसांनी मी जेवून तासभर आडवी झाले होते. तेवढ्यात त्यांनी सॉकेटचं बटण बंद केलं. वायर हाताला चटका देत होती म्हणून. मी उठून गाडीत बसले तर चार्जिंग अर्धंसुद्धा झालेलं नाही. भांडुपला अर्धांगवायू झालेल्या बाई ताटकळत होत्या, त्यांना फोन करून यायचं रद्द करावं लागलं. मग मी सासऱ्यांवर जी फुटले! "बाबा, तुमची गिरणी कधीच बंद पडली. आता गाड्या नवीन, सगळं नवीन. तुम्ही नका ना पडू यात!" एवढ्यानेही भागलं नाही. एका कागदावर जाड मार्करने 'हात लावू नये' असं लिहिलं आणि सेलोटेपने त्या बटणावर चिकटवलं. त्या घरात दिवसभर माणूस एकच असतो. मी ती पाटी कोणासाठी लावली होती, हे त्यांना कळत होतं आणि मलाही.

त्यांनी कागद वाचला. दुसऱ्या दिवसापासून दारातली खुर्ची उचलून बेडरूममध्ये बसायला लागले. मला वाटलं, रुसलेत. "इथे कशाला बसता उकाड्यात?" विचारलं तर म्हणाले, "हयसर वारो बरो येता." त्या खोलीत वारा कधीच येत नाही. पण तेव्हा मला घाई होती, आणि मी असल्या गोष्टींवर विचार करणाऱ्यांतली नव्हतेच.

मग तो मंगळवार. दुपारी गाडी चार्जिंगला लावून मी बँकेच्या कामाला चालत गेले. चारला परत आले तर दार सताड उघडं, घरातलं सगळं बंद, फ्रिजखाली पाण्याचं तळं, आणि सासरे दारात खुर्ची टाकून घामाने निथळत बसलेले. मीटरबोर्डाचं झाकण उघडं. मेन स्विच खाली पाडलेला. माझं डोकंच फिरलं. समोरच्या काकू आपल्या दारात उभ्या होत्या, तरी मी थांबले नाही. "वाट लावलीत ना सगळ्याची! सांगितलं होतं ना हात लावू नका म्हणून? एवढं साधं मराठीत लिहिलंय, तेही वाचता येत नाही का?"

ते शांतपणे म्हणाले, "तुझ्या बटणाक हात लावूक नाय मी. मेन पाडलंय. आत जाऊन बघ."

आत गेले. जळक्या प्लास्टिकचा वास अजून कोंडलेला होता. कन्व्हर्टर वितळून रिळाला चिकटला होता, वायरीचे वेढे एकमेकांत मिसळून एक काळा गोळा झाला होता. पायपुसण्याला ताटलीएवढं भोक. आणि पलंग जागेवर नव्हता. लोंबणारी चादर पेटू नये म्हणून त्यांनी तो सागवानी पलंग एकट्याने भिंतीपर्यंत ओढला होता. पाण्याचा थेंब कुठे ओतलेला नव्हता, विजेच्या आगीवर पाणी घालायचं नसतं हे त्यांना पक्कं ठाऊक. लोड वाढला की आपोआप पडणारा एमसीबी पडला नव्हता, कारण करंट त्याच्या मर्यादेतच होता, वायरच हलकी होती. ते तिथे बसलेले नसते तर बेडरूम गेली असती, वरच्या मजल्यावरच्यांचं काय झालं असतं देव जाणे.

बाहेर जाऊन त्यांचे पाय धरावेत असं वाटलं. पण काकू अजून दारात होत्या. मी वाट पाहिली. काकू आत गेल्या, मी दार लावून घेतलं, आणि मग हळू आवाजात म्हटलं, "बाबा, चुकलं माझं." ओरडताना दार उघडं होतं, ते आठवलं की आजही कान गरम होतात.

पलंग ओढताना त्यांची कंबर धरली होती. ते मला तिसऱ्या दिवशी कळलं, तेही काकूंकडून. मुलुंड ते घाटकोपर लोकांच्या कमरा चोळत फिरणारी मी, आणि माझ्याच घरात ते मला हात लावू देईनात. "होतला बरा," म्हणत राहिले.

अर्ज मी त्याच आठवड्यात लिहिला. वीस मिनिटं लागली. परवानाधारक वायरमन आला, मीटरपासून पार्किंगपर्यंत जाड वायरीची वेगळी लाइन, अर्थिंग, स्वतंत्र एमसीबी, सगळं केलं. काम चालू असताना मी सासऱ्यांना बोलवायला गेले. "बाबा, तुम्ही एकदा बघून घ्या ना."

"तुका पटात तसा कर," ते म्हणाले आणि पेपर वाचत राहिले.

रागावले असते तर मी सहन केलं असतं. पण ते रागावलेले नाहीत, माझ्याशी चांगलं बोलतात, चहा दिला की बरा झालाय म्हणतात. फक्त आंघोळ करून बाहेर आले की ओल्या अंगाने हॉलमधल्या बोर्डासमोर उभे राहतात आणि स्वयंपाकघराकडे बघून विचारतात, "गो, पंखो लावू काय?"

"लावा ना बाबा, विचारताय काय!" मी रोज म्हणते. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा विचारतात. या घरातली सगळी वायरिंग त्यांनी स्वतःच्या हाताने केली आहे, माझं लग्न व्हायच्या आधी.