सीबच्या बाजारात चिनी उजेड

"ताई, हे दिवे काढा, नाहीतर मी गाळा सोडतो," हमीदभाई म्हणाले.

रत्नागिरीचे हमीदभाई मस्कतजवळच्या सीबच्या जुन्या बाजारात डिशडाशाचं, म्हणजे ओमानी पुरुषांच्या पायघोळ झग्याचं, कापड विकतात. वडिलांपासूनचं दुकान. मॉल आले आणि गल्ली ओस पडली. तिचं रूप पालटायचं काम आमच्या कंपनीकडे आलं, त्यातलं लाइटिंग माझ्याकडे.

तक्रार खरी होती. उजेडाचा रंग आम्ही केल्व्हिनमध्ये मोजतो. आकडा जितका लहान तितका उजेड पिवळा. पिवळ्या दिव्याखाली सोनं खुलतं, पण पांढरं आणि मोतिया कापड सारखंच दिसतं. गिऱ्हाईक पांढरं समजून मोतिया न्यायचं आणि दुसऱ्या दिवशी भांडायला हजर.

पिवळा उजेड ही क्लायंटची हौस. सालिमसाहेब चीनमध्ये एक जुनी व्यापारी पेठ पाहून आले होते. एके काळी रेशीम आणि चहाचे व्यापारी तिथे नांदायचे, मग नुसती गोदामं उरली, आता ती पुन्हा गजबजली होती. आपली गल्ली तशीच दिसली पाहिजे, अगदी दुकानांच्या आतसुद्धा, हा त्यांचा हट्ट.

"क्लायंटशी वाद नको. हँडओव्हर तोंडावर आलाय," बॉस म्हणाला.

"वाद कुठे घालतेय? फोटो बघायचेत फक्त."

मीटिंगमध्ये मी सालिमसाहेबांकडे त्या पेठेचे फोटो मागितले. त्यांनी खुशीत मोबाईल पुढे केला. लाल कंदील, लाकडी सज्जे, सगळं पिवळंधमक. एका रेशमाच्या दुकानाचा फोटो मी मोठा केला. आत लख्ख पांढरी ट्यूब होती.

"हे कोणी बिघडवलं?" त्यांनी विचारलं.

"बिघडवलं नाही, सर. तिथे अजून रेशीम विकतात. तुम्ही घेतलंत का काही?"

"बायकोसाठी घेतलं."

"त्यांना रंग पसंत पडला?"

"पडला." मग ते हसले. "खलास, मुहंदिसा. आत पांढरा लाव. बाहेर माझा पिवळाच राहील."

खलास म्हणजे झालं, ठरलं; मुहंदिसा म्हणजे इंजिनीअरबाई. मला त्या दिवशी ती हाक फार आवडली, खोटं कशाला सांगू?

हमीदभाईंनी गाळा सोडला नाही. उद्घाटनाला पाहुणे गल्लीत फोटो काढत होते. हमीदभाईंनाही मी बोलावलं. ते कापड मापत होते; मान वर न करता म्हणाले, "आता नको ताई, गिऱ्हाईक आहे."

बाजार जिवंत झाला की नुसता सजला, हे मी तेव्हापासून एवढ्यावरूनच ओळखते. दुकानदाराला फोटोसाठी वेळ असेल, तर आपलं काम अजून बाकी आहे.