आठ हजार एक्कावन्न दात्यांचे चाक

चाकांना दाते पाडता पाडता दातेवाल्या काकांचे स्वतःचे निम्मे दात पडले होते. पण आकड्यांचा प्रश्न आला की गल्लीतले सगळे कारखाने त्यांच्याच तोंडाकडे बघत. गिऱ्हाइकाने आकडा सांगायचा, काकांनी डोळे मिटून त्याचे भाग पाडायचे आणि तेवढ्या दात्यांची चाके कापून द्यायची. आकडा कितीही मोठा असेना, त्याचे तुकडे पडले की काम फत्ते. मूळ संख्या निघाली, म्हणजे तुकडेच पडेनात, तर मात्र काका हात टेकत.

सोमवारी सुतळीवाल्या ताई आल्या. त्यांनी घेतलेल्या सुतळी गुंडाळायच्या जुन्या यंत्रातला चाकांचा डबाच गायब होता. वेढ्यावर वेढा बसू नये म्हणून त्या यंत्राला एक आडमुठा आकडा लागे: आठ हजार एक्कावन्न. दोन चाकांच्या दात्यांचा गुणाकार नेमका तेवढा हवा. काका पुटपुटत भागत सुटले. दोन, तीन, पाच, सात अशी एकेक मूळ संख्या घेत एकोणऐंशीपर्यंत आले, तरी काही लागेना. खरे तर नव्वदपर्यंत जायला हवे होते. नव्वदचा वर्ग झाला की मगच आकडा ओलांडला जातो. पण काकांनी त्याची जात ओळखली होती, निदान त्यांना तसे वाटले. याचे भाग पडत नाहीत आणि एकच चाक केले तर ते तुमच्या शेडमध्ये मावायचे नाही, असे त्यांनी ताईंना सांगून टाकले.

गुरुवारी दुपारी जेवताना त्यांनी हे बायकोला ऐटीत ऐकवले.

तिने वाढता वाढता विचारले, "मग ते यंत्र आधी चालत कसं होतं?"

काकांनी घास ताटात परत ठेवला. ते उठले, बसले, पुन्हा उठले. हात धुऊन आले ते नळ तसाच वाहता ठेवून. जरा एका जागी बसा म्हटले, तर बायकोवरच खेकसले. कुणीतरी ती चाके कापलीच होती ना! येरझाऱ्या घालता घालता त्यांना एकदम दिसले: आकडा आठ हजार शंभरला फक्त एकोणपन्नासने कमी. नव्वदचा वर्ग, त्यातून सातचा वर्ग वजा. नव्वदमधून सात गेले त्र्याऐंशी, नव्वदात सात मिळवले सत्त्याण्णव. त्र्याऐंशी गुणिले सत्त्याण्णव. लहान, सरळ, दोन दिवसांत कापून होणारी चाके.

ते चपला अडकवून धावतच ताईंच्या शेडवर गेले. यंत्राच्या जागी जमिनीत चार भोके आणि तेलाचे डाग होते. कालच भंगारवाल्याने तुकडे करून नेले, असे ताईंनी सांगितले. कामाच्या दोघी बायकांनाही त्यांनी उद्यापासून येऊ नका म्हटले होते.

"सगळे म्हणत होते, आणखी कुणाला तरी विचार. मी म्हटलं, काकांनीच नाही म्हटल्यावर कशाला हेलपाटे घालायचे?"

गप्प बसावे, असे काकांच्या मनात आले. कुणाला कळणार होते?

"भाग पडत होते, ताई. मीच मधे थांबलो."

ताई त्या चार भोकांकडे वळल्या. मग त्यांनी विचारले, "किती भागायचं राहिलं होतं?"

"एकदाच, त्र्याऐंशीने," काका म्हणाले.